मँगनीज स्टीलवर आर्क वेल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडी क्रशरचा जॉ (दगड चिरडणारी जबड्यासारखी प्लेट), पोकलेनच्या बकेटचे दात, बॉल मिलचे लायनर, रेल्वेच्या रुळांचं क्रॉसिंग. यातलं काहीही वेल्डिंगला आलं की वर्कशॉपमध्ये तेच प्रश्न पुन्हा निघतात. बरीच वर्षं हे काम मी स्वतः करतो आणि पोरांकडून करूनही घेतो. मँगनीजचा जॉब हाताला आला की साध्या लोखंडावर अंगवळणी पडलेल्या निम्म्या सवयी उलट्या कराव्या लागतात. का कराव्या लागतात ते एकदा नीट कळलं, तर रॉडच्या पाकिटावरच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

मँगनीज स्टील म्हणजे नेमकं कोणतं? मँगनीज तर सगळ्याच स्टीलमध्ये असतं ना?

असतं. रोजच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेटमध्येही अर्धा-एक टक्का असतं, जरा जास्त ताकदीच्या प्लेटमध्ये दीड टक्क्यापर्यंत जातं. त्या प्लेटचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते ११ ते १४ टक्के मँगनीज आणि एक ते सव्वा टक्का कार्बन असलेल्या ओतीव स्टीलबद्दल. भारतीय मानकात ते आयएस २७६ या क्रमांकाखाली येतं. कागदोपत्री त्याला हॅडफिल्ड स्टील म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये ते शोधलं. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. पोलादात मँगनीज तीन-चार-पाच टक्के केलं की ते काचेसारखं ठिसूळ व्हायचं, आणि तेच दहाच्या पुढे नेलं की अचानक चिवट व्हायचं. हा मधला ठिसूळ पट्टा लक्षात ठेवा. रॉड निवडताना तो पुन्हा आडवा येणार आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावरची शिरस्त्राणं याच स्टीलची होती. आणि ज्या खनिजापासून मँगनीज निघतं ते आपल्या नागपूर-भंडारा पट्ट्यात आणि शेजारच्या बालाघाटात आहे. त्या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे.

समोरचा तुकडा मँगनीजचा आहे हे ओळखायचं कसं?

चुंबक लावा. चिकटत नसेल तर मँगनीज किंवा स्टेनलेस. मग गंज पाहा: मँगनीज उघड्यावर साध्या लोखंडासारखं गंजतं, स्टेनलेस गंजत नाही. ग्राइंडर लावला की मँगनीजच्या ठिणग्या भरपूर, पांढऱ्याशुभ्र आणि फुटणाऱ्या असतात, स्टेनलेसच्या कमी आणि लालसर.

एक सावधगिरी बाळगा. ओतीव तुकड्याच्या वरच्या कातडीतला कार्बन आणि मँगनीज भट्टीत थोडा जळून गेलेला असतो, त्यामुळे तिथे चुंबक हलकासा ओढला जातो. म्हणून जागा दोन मिलिमीटर घासून मगच चुंबक लावा. नुसत्या कातडीवर विश्वास ठेवून मँगनीजला एमएस समजून वेल्डिंग केलेलं मी पाहिलं आहे.

या स्टीलची आतली रचना कशी असते?

ओतकाम झाल्यावर साच्यात सावकाश थंड झालेलं मँगनीज स्टील निकामी असतं. त्याच्या दाण्यांच्या सीमांवर लोह-मँगनीजच्या कार्बाइडची (कार्बनशी झालेल्या कडक, ठिसूळ संयुगाची) जाळी बसलेली असते. घणाचा एक घाव बसला की फुटतं. म्हणून फाउंड्रीत ते १,०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, कार्बाइड पूर्ण विरघळू देतात आणि भट्टीतून काढून लगोलग पाण्यात बुडवतात.

साखरेचा पाक डोळ्यांसमोर आणा. गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते. तो पाक सावकाश निवू दिला की भांड्याच्या कडेला खडे धरतात. इथे कार्बन म्हणजे साखर. पाण्यात झटकन बुडवल्यामुळे त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि तो धातूच्या आतच अडकून राहतो. या एकजिनसी रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. साधं जास्त कार्बनचं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं, हे मात्र मऊ आणि चिवट होतं. कठीणपणा २०० ब्रिनेलच्या (कठीणपणाचं माप) आसपास राहतो आणि ओढून पाहिलं तर तुटायच्या आधी ते तीस-चाळीस टक्के लांबतं.

मग ते झिजेला टिकतं कसं? मार खाऊन. दगडाचे आघात बसले की वरच्या थरातले दाणे आतल्या आत दुमडतात, त्यांच्यात सूक्ष्म जुळ्या पट्ट्या तयार होतात आणि तो थर ५०० ब्रिनेलच्या घरात जातो. आतला गाभा मऊच राहतो. वरचा थर झिजला की खालचा मार खायला पुढे येतो आणि तोही कठीण होतो. सह्याद्रीचा काळा पाषाण फोडणाऱ्या क्रशरमध्ये दुसरं स्टील सहसा का टिकत नाही, ते यावरून कळेल.

पण हे सगळं उभं आहे ते पाकात अडकून राहिलेल्या कार्बनवर. त्याला बाहेर पडायची संधी मिळाली की खेळ संपला. ती संधी वेल्डिंगची उष्णता देते.

आर्क लागल्यावर रचनेत नेमकं काय बिघडतं?

रनच्या (रॉड एकदा ओढल्यावर पडलेल्या धातूच्या रेघेच्या) कडेपासून काही मिलिमीटरच्या पट्ट्यात काय घडतं ते क्रमाने पाहू.

वितळलेल्या धातूला अगदी लागून असलेला भाग हजार अंशांच्या वर जातो. तिथे कार्बाइड विरघळलेलेच राहतात आणि भोवतालचा थंड जॉब ती उष्णता पटकन ओढून घेतो. म्हणजे तो भाग भट्टीतून काढून पाण्यात टाकल्यासारखाच होतो. दाणे थोडे वाढतात, पण चिवटपणा बराचसा टिकतो.

खरी गडबड त्याच्या पुढच्या पट्टीत होते. ही पट्टी ५०० ते ८०० अंशांपर्यंत तापते. कार्बनला हालचाल करता यावी इतकी ती गरम असते, पण पुन्हा विरघळावं इतकी नसते. इथे कार्बन दाण्यांच्या सीमांकडे सरकतो आणि तिथे कार्बाइडची पातळ साय धरतो. जास्त वेळ मिळाला तर दाण्यांच्या आतही सुयांसारखे कार्बाइड उगवतात, आणि त्याहून जास्त वेळ मिळाला तर ऑस्टेनाइट मोडून पर्लाइट (लोह आणि कार्बाइडच्या थरांची रचना) तयार होऊ लागतं. दाणे चिवटच राहतात, पण त्यांना जोडणारा सांधा काचेचा झालेला असतो.

म्हणून मँगनीजचा वेल्ड फुटतो तेव्हा बहुधा रनमधून फुटत नाही. तो रनच्या बाजूने, बोटभर किंवा त्याहून कमी अंतरावर, जोडाला समांतर चिरतो. लोक म्हणतात, “वेल्ड पक्का होता, माल खराब निघाला.” माल चांगलाच होता, तो वेल्डिंग करताना खराब झाला.

यात तापमानाइतकाच वेळही मोजावा लागतो. ६००-७०० अंशांना काही मिनिटं पुरतात, ३०० च्या आसपास तास लागतात. एका रनने जागा तापून लगेच निवली तर नुकसान थोडं होतं. पण न थांबता एकावर एक दहा रन चढवले तर प्रत्येक रन आधीच्या पट्टीला पुन्हा त्याच तापमानात नेतो. कार्बाइडची साय दर वेळी थोडी जाड होत जाते.

भरीला या धातूचे दोन गुण आपल्या विरुद्ध जातात. तो उष्णता फार हळू पसरवतो, साध्या लोखंडाच्या साधारण चौथाई वेगाने, त्यामुळे उष्णता जिथे दिली तिथेच साचते. आणि तापल्यावर तो लोखंडाच्या दीडपट प्रसरण पावतो, म्हणून निवताना तेवढाच जोरात आकसतो. आकसण्याचा ताण येतो तो नेमका ठिसूळ झालेल्या पट्टीवर.

ताकद किती कमी होते?

ताकद म्हणजे काय विचारता त्यावर उत्तर बदलतं. चांगल्या ओतीव मँगनीजची ओढताण ताकद ७०० ते ९०० मेगापास्कलच्या दरम्यान असते. सीमांवर कार्बाइड बसले की आधी पडते ती लांबण्याची आणि आघात सोसण्याची क्षमता. तीस-चाळीस टक्के लांबणारा धातू एक आकडी लांबणीवर येतो. ओढताण ताकद त्यामागोमाग घसरते, कारण धातू पुरेसा ताणला जाण्याआधीच तुटतो.

कठीणपणा मात्र फारसा बदलत नाही, उलट थोडा वाढतोही. म्हणून कठीणपणा मोजून “सगळं ठीक आहे” म्हणणं धोक्याचं आहे. क्रशरमध्ये या स्टीलचं काम धक्का सोसणं हे आहे, आणि नेमका तोच गुण आधी जातो.

मग किती तापू द्यायचं?

रनच्या कडेपासून १०-१२ मिलिमीटरवर २६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. तापमानाचा खडू किंवा इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. नसेल तर मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या अण्णांची रीत वापरा. रन संपला की ते हातमोजा काढायचे आणि रनपासून अर्ध्या वितीवर पंजा टेकवायचे. पंजा निवांत टेकून राहिला तर पुढचा रन. झटकन उचलावा लागला तर होल्डर खाली, आणि दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्या जॉबला सुरुवात. नवख्या मुलाने थेट पंजा टेकवू नये. आधी हात जवळ नेऊन धग बघावी.

एकदा हा नियम माझ्याकडून मोडला गेला. एका क्रशरचा फिक्स जॉ मधोमध चिरला होता. खडीच्या गाड्या रांगेत उभ्या, मालक डोक्यावर. रात्री अकरा ते पहाटे चार मी सलग भराव केला. रन देखणे पडले होते. सकाळी मशीन सुरू झालं आणि तासाभरात जॉ दोन तुकडे होऊन खाली आला. चीर माझ्या रनमधून गेलीच नव्हती. त्याच्या शेजारून, एका सुतात गेली होती. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे मोठे चमकणारे दाणे होते, एकेक वेगळा मोजता यावा असे. प्रत्येक दाणा त्याच्या सीमेवरून सुटला होता. सीमांवर कार्बाइड बसतं म्हणजे काय, ते मला त्या तुकड्यावरून समजलं. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, नव्या मुलांना दाखवायला.

वेल्डिंगच्या आधी जॉब तापवून घ्यायचा का?

नाही. ही सवय जास्त कार्बनच्या आणि मिश्र पोलादांची आहे. तिथे थंड होण्याचा वेग कमी करायचा असतो, इथे वाढवायचा असतो. थंडीत पहाटे उघड्यावर पडलेला, दव धरलेला जॉब असेल तर कोमट करून कोरडा करा, तेवढंच. काम झाल्यावर राखेत किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवणंही इथे चूक आहे.

कोणता रॉड वापरायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. आधी कोणता वापरायचा नाही ते सांगतो. ६०१३ आणि ७०१८ हे साध्या लोखंडाचे रॉड नकोत. “७०१८ तर लो हायड्रोजन, ताकदीचा रॉड आहे” असं सांगणारे भेटतात. तो ताकदीचा आहेच, पण या जागी चालत नाही. साधं गणित करून बघा. रनमध्ये जवळपास ३० टक्के धातू खालच्या मँगनीजमधून वितळून येतो आणि ७० टक्के रॉडचा असतो. खालचं मँगनीज १२ टक्के धरलं आणि रॉडचं एक टक्का, तर रनमध्ये साधारण सव्वाचार टक्के मँगनीज आणि ०.४ टक्के कार्बन उतरतो. म्हणजे हॅडफिल्डना दिसलेला तोच ठिसूळ पट्टा. असा रन निवताना मार्टेन्साइट होतो, कडक आणि ठिसूळ. कित्येकदा कीट काढायच्या आधीच “कट्ट” असा आवाज येतो आणि रनला आडवी चीर दिसते. नुसता टॅक (तुकडे जागी धरणारा छोटा टाका) मारायचा असला तरी ७०१८ नको, कारण त्या टॅकवरूनच पुढचा रन जाणार असतो.

मँगनीज मँगनीजला जोडायचं असेल, किंवा मँगनीज एमएसच्या फ्रेमला जोडायचं असेल, तर ३०७ जातीचा स्टेनलेस रॉड घ्या. बाजारात तो १८-८-६ म्हणून ओळखला जातो: १८ टक्के क्रोमियम, ८ निकेल, ६ मँगनीज. दोन्हीकडचा धातू मिसळूनही त्याचा रन ऑस्टेनाइटच राहतो. त्याची किमान ताकद ५९० मेगापास्कल आणि लांबणी ३० टक्के धरतात. मँगनीजपेक्षा ताकद कमी, पण चिवटपणा भरपूर, आणि जोडाला तोच हवा असतो. ३०७ नसेल तर ३०९ चालतो. ३१२ ताकदीला वरचढ आहे, पण लांबणी त्याची कमी, म्हणून जाड आणि अडकलेल्या जोडाला मी तो टाळतो.

झीज भरून काढायची असेल तर मँगनीजचाच रॉड लागतो, कारण भरावही मार खाऊन कठीण व्हायला हवा. यात दोन प्रकार नेहमी मिळतात, निकेलवाला आणि मॉलिब्डेनमवाला. दोन्हींत कार्बन ओतीव मालापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे बाहेर पडायला कार्बनच कमी. निकेल ऑस्टेनाइटला टिकवून धरतं, मॉलिब्डेनम कार्बाइडची साय धरायला उशीर लावतं. तिसरा प्रकार मँगनीज-क्रोमचा, साधारण १४-१५ टक्के मँगनीज आणि तेवढंच क्रोमियम. तो महाग पडतो, पण एमएसवरही ऑस्टेनाइट राहतो. नुसता निकेल-मँगनीज रॉड थेट एमएसवर मारू नका. तिथे एमएसच मँगनीजला पातळ करतं आणि पुन्हा तोच ठिसूळ पट्टा गाठला जातो.

रॉड घेताना फॉस्फरसचा आकडा विचारा. ओतीव मालात तो ०.०७ टक्क्यापर्यंत असू शकतो. रनमध्ये जास्त झाला तर तो सगळ्यात शेवटी गोठणारी पातळ पापडी तयार करतो आणि आकसताना रन मधोमध उलतो. चांगल्या रॉडमध्ये तो ०.०३ च्या आसपास किंवा खाली असतो.

चिरलेला जॉ प्रत्यक्ष जोडायचा कसा?

आधी वरचा मार खाल्लेला थर काढा. हे काम सगळे टाळतात. तो थर ५०० ब्रिनेलचा असतो, त्यात लांबायला जागा उरलेली नसते. त्यावर रन ओढला की त्या थरासकट रन सुटतो. ग्राइंडरने तीन-चार मिलिमीटर तरी उतरवा, चकाकी जाऊन खालचा मऊ धातू लागेपर्यंत. मग चीर पूर्ण खणा, तळापर्यंत आणि दोन्ही टोकांच्या थोडं पुढेपर्यंत. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची रीत इथे चालत नाही, कारण ड्रिल घासलं की ती जागा आणखी कठीण होते आणि बिटाची धार जाते.

करंट डीसी, होल्डर पॉझिटिव्हला. ३.१५ मिमीच्या ३०७ ला ८० ते ११० अँपिअर. यातल्या जेवढ्या कमी करंटवर रॉड नीट जळेल तेवढाच ठेवा. आर्क आखूड. रन सरळ आणि अरुंद, रॉड डावी-उजवीकडे डोलवायचा नाही. एक रन ५० ते ७५ मिलिमीटरचा. संपताना खड्डा भरून थोडं मागे येऊन आर्क तोडा, नाहीतर त्या खड्ड्यात चांदणीसारखी चीर पडते. एक रन इथे तर दुसरा वीतभर लांब, तिसरा पुन्हा मधे. लांबट जॉब असेल तर दोन जॉब समोर ठेवून आळीपाळीने काम करा. वेळ वाया जात नाही आणि दोन्ही थंड राहतात.

प्रत्येक रन पडल्यावर, तो लालसर असतानाच, गोल तोंडाच्या हातोडीने ठोकून काढा. आकसण्याचा ताण त्याने उतरतो, कारण ठोकल्याने रन आडवा पसरतो. हातोडी हलकी पण भराभर चालली पाहिजे. सगळ्यात खालचा रन मात्र पातळ असतो, तो ठोकू नका.

पाण्यात ठेवून वेल्डिंग केलं तर चालतं का? वरून पाणी मारलं तर?

दोन्ही चालतं, आणि साध्या लोखंडावर काम केलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. लहान जॉब पाण्याच्या टाकीत ठेवून फक्त वेल्डिंगची जागा वर उघडी ठेवतात. वितळलेल्या भागावर आणि जोडाच्या फटीत पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर रनमध्ये पिनहोल पडतात. रन काळा पडल्यावर शेजारच्या भागावर ओलं गोणपाट टाकणं हा माझा रोजचा उपाय. पायाखाली पाणी असताना विजेचा धोका मोठा असतो. जोडे कोरडे हवेत, होल्डर फाटका नको, आणि उभं राहायला लाकडी फळी हवीच.

गॅस कटरने कापलं तर?

कापलं जातं, सहज. पण कडेची पट्टी ठिसूळ होते. नाइलाज असेल तर भराभर कापा, मागोमाग पाणी मारा आणि कड तीन मिलिमीटर घासून टाका. प्लाझ्मा त्याहून बरा. कार्बन रॉडने गाउजिंग केलं (आर्कने खाच पाडली) तर नंतर खाचेची कड चमकेपर्यंत घासा, कारण ती कार्बन ओढून घेते. गॅसच्या ज्योतीने वेल्डिंग करणं मात्र पूर्ण वर्ज्य: ज्योत सावकाश तापवते आणि खूप मोठा भाग तापवते.

वेल्डिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह करायला सांगितलंय. करू?

अजिबात नको. स्ट्रेस रिलीव्हिंगची, म्हणजे जोडातला ताण उतरवायची, भट्टी ५५० ते ६५० अंशांवर तासभर किंवा जास्त चालते. म्हणजे जे टाळण्यासाठी आपण अर्ध्या वितीवर हात टेकवत होतो, तेच संपूर्ण जॉबला मुद्दाम केल्यासारखं आहे. एमएसच्या मोठ्या फ्रेमला मँगनीजचे लायनर जोडलेले असतात आणि ड्रॉइंगवर फ्रेमसाठी स्ट्रेस रिलीव्ह लिहिलेलं असतं, तेव्हा हा अपघात होतो. क्रम बदलून घ्या: आधी फ्रेमचं वेल्डिंग आणि स्ट्रेस रिलीव्ह, मग मँगनीज.

मँगनीज पुन्हा सुधारायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पूर्ण १,०५० अंशांना नेऊन पाण्यात बुडवणं. ते फाउंड्रीचं काम आहे, साइटवर होत नाही.

जॉवर हार्डफेसिंगचे (झीज रोखणाऱ्या कठीण रॉडचे) पट्टे मारावेत का?

धक्का कमी आणि घासणं जास्त असेल तर फायदा होतो. जिथे मोठे दगड पडतात तिथे मँगनीज स्वतःच कठीण होतं, तिथे खर्च करू नका. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडला निवताना आडव्या बारीक चिरा पडतातच, तो त्याचा स्वभाव आहे. त्या चिरा खालच्या जॉमध्ये उतरू नयेत म्हणून मधे ३०७ चा किंवा मँगनीज-क्रोमचा एक थर द्या. पट्ट्यांमध्ये जागा सोडा, आणि इथेही तापमानाचा तोच नियम.

रेल्वेचं मँगनीज क्रॉसिंग रुळाला कसं जोडतात?

हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो, कारण दोन उलट स्वभावांना एकत्र आणायचं असतं. सांध्यातल्या ज्या नाकावरून चाक उडी मारून पुढे जातं तो भाग मँगनीजचा ओतीव असतो. आपल्याकडे त्याला सीएमएस (कास्ट मँगनीज स्टील) क्रॉसिंग म्हणतात. त्याला लागणारा रूळ जास्त कार्बनच्या पोलादाचा असतो. रुळाचा जोड सावकाश निवायला हवा नाहीतर तो कडकून फुटतो, आणि मँगनीजचा झटकन निवायला हवा नाहीतर त्यात कार्बाइड धरतात. थेट जोडले तर एकाला सांभाळताना दुसरा बिघडतो.

म्हणून मधे ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा तुकडा घालतात. आधी तो तुकडा रुळाला फ्लॅश-बट पद्धतीने (टोकं विजेने तापवून एकमेकांवर दाबून) जोडून रुळाच्या तालाने निववतात. मग तो कापून आखूड ठेवतात आणि त्याचं दुसरं टोक मँगनीजला जोडून ते झटपट थंड करतात. झिजलेलं नाक जागेवरच वेल्डिंगने भरून घासायचं कामही होतं, आणि तिथेही गाड्यांच्या मधल्या वेळात जॉब तापू न देणं हीच कसोटी असते.

काम झाल्यावर तपासणी कशी करायची?

मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी चालत नाही, कारण धातू चुंबकाला दाद देत नाही. दाणे मोठे असल्याने अल्ट्रासॉनिकच्या लहरीही विखुरतात आणि पडद्यावर गवतासारखा गोंधळ दिसतो. वरच्या चिरांसाठी डाय पेनिट्रंट वापरा, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. रनइतकंच लक्ष रनच्या दोन्ही बाजूंच्या बोटभर पट्टीकडे द्या. जॉब पूर्ण निवल्यावर एकदा तपासा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. चुंबकही जवळ ठेवा: रनच्या आजूबाजूला तो ओढला जाऊ लागला तर तिथलं ऑस्टेनाइट मोडलं आहे. स्टेनलेसच्या रनवर तो किंचित ओढला जाणं मात्र स्वाभाविक आहे.

धुराची काळजी किती घ्यायची?

खूप घ्या. आर्कमध्ये मँगनीज लोखंडाच्या आधी उकळून वाफ होतं, त्यामुळे या रॉडच्या धुरात ते भरपूर असतं. वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर ते मेंदूत साठतं आणि कंपवातासारखी लक्षणं दिसतात: चाल जड होणं, चेहरा ताठ होणं, हात थरथरणं. मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांमधला हा आजार ग्लासगोच्या कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवला होता. अमेरिकेतली औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची परिषद २०१३ पासून फुफ्फुसात खोल जाणाऱ्या मँगनीजच्या कणांसाठी घनमीटरमागे फक्त ०.०२ मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. स्टेनलेस रॉडच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे कण अडत नाहीत. धुराचा मास्क लावा आणि पंखा असा ठेवा की धूर चेहऱ्यापासून बाजूला ओढला जाईल. डोकं धुराच्या लोटात घालून बघायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लागू देऊ नका.

वेल्डिंग करायचंच नाही असं कधी ठरवता?

जॉब आधीच कुणीतरी भरपूर तापवलेला असेल, म्हणजे निळे-करडे पट्टे वीतभर पसरलेले, जुन्या रनशेजारी समांतर चिरा, तर मी हात लावत नाही. नक्की कळत नसेल तर एक कोपरा घणाने तोडून पाहतो. चांगलं मँगनीज आधी वाकतं आणि मगच, तेही चिवटपणे, फाटतं. तो कोपरा न वाकता तुटला आणि तोंडावर खडीसाखरेचे दाणे दिसले तर मालकाला तो तुकडा दाखवून नवी प्लेट मागवायला सांगतो. जॉ अर्ध्याहून जास्त झिजला असेल तरीही तेच, कारण एवढा भराव थंड ठेवत करायला जे रॉड आणि जे दिवस लागतात त्यांत नवी प्लेट येते.